चौघांचा बेस्तरवार

नवा माणूस भेटला की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात. आमच्या भागात तर पाव्हणं कुठलं म्हणत भावकीपर्यंत जाऊन पोचतात. जॉबरमामा वार विचारायचे.

"तुझी सुट्टी कवा?" एवढा एकच प्रश्न. उत्तर मिळालं की तो माणूस त्यांच्या डोक्यात त्या वाराच्या नावानं कायमचा नोंदला जायचा. केस कापणारा सोमार, बँकेतला शिपाई दुसरा सनवार, एसटीतला एक कंडक्टर बुधवार. मी सांगलीत एका दातांच्या डॉक्टरांकडं बसते, फोन घेते, पेशंटना वेळ देते. दवाखाना रविवारी बंद. म्हणून मी आयतवार. "काय आयतवार, बरं हाय न्हवं?" माझं खरं नाव त्यांना कधी माहीत झालं की नाही, मला शंका आहे.

माधवनगरजवळच्या एका सूतगिरणीत ते जॉबर होते. पाळीवरच्या माणसांना यंत्रं वाटून द्यायची, अडलेलं यंत्र मार्गाला लावायचं, आणि कुणाला कुठल्या वारी सुट्टी ते ठरवायचं, हे जॉबरचं काम. माझा नवरा त्यांच्या हाताखाली. गिरणीतल्या आवाजासाठी मामा कानात कापसाचे बोळे घालायचे आणि ते बाहेरही काढायचे नाहीत. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, कुठंही बघा, कानात कापूस. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. फक्त गुरुवारी ते बोळे काढून खिशात टाकायचे. गुरुवारला ते बेस्तरवार म्हणायचे, आणि तो त्यांच्या सुट्टीचा वार होता.

मी त्या माणसावर जळायचे. थोडीथोडकी नाही, कित्येक वर्षं. नवऱ्याचं बाहेर काही असतं तर भांडायला मला तोंड तरी असतं. माझी सवत म्हणजे कानात कापूस घातलेला, पंचावन्नच्या पुढचा म्हातारा. सांगणार कुणाला?

लग्न होऊन मी फलटणहून माधवनगरला आले तेव्हा पहिला महिनाभर मला काही समजलंच नाही. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला फिरायची. मी सकाळी दवाखान्यात, दुपारी घरी, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात. कधी मी घरात शिरताना तो चपला घालत असायचा. ठीक आहे, दोघं कमावतो म्हटल्यावर हे चालायचंच. पण सुट्टी? माझी रविवारी, त्याची गुरुवारी. मी म्हटलं, तुमच्या जॉबरला सांगून रविवार घ्या. तो म्हणाला बघतो. दोन-तीनदा बघतो म्हणाला. मग एके दिवशी जॉबरमामा स्वतःच घरी आले.

चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि एखाद्याला जमिनीचा सातबारा समजावून सांगावा तसं त्यांनी मला गुरुवार समजावून सांगितला. गिरणी कधी बंद होत नाही, त्यामुळं सगळ्यांना एकदम सुट्टी हा प्रकार तिथं नाही. प्रत्येकाचा वार निराळा. एकाला मिळते तेव्हा बाकीचे कामावर. तो बापडा घरी बसून करणार काय? झोपतो, उठतो, परत झोपतो. मामांनी तरुणपणी असे एकट्याचे वार पुष्कळ काढले होते. मग त्यांनी एक उद्योग आरंभला. बाकीच्या दोन पाळ्यांच्या जॉबरना रविवार हवे असायचे, दिवाळी हवी असायची, गावची जत्रा हवी असायची. मामांनी ते सगळं देऊन टाकलं. आपण आणि आपली तीन माणसं रविवारी, पाडव्याला, भाऊबीजेला बदलीवर उभी राहणार. त्या बदल्यात दर गुरुवारी या चौघांच्या जागी त्या पाळ्यांतली माणसं येणार. वर्षानुवर्षं हा सौदा कुठं न लिहिता चालला होता.

"एकट्याची सुट्टी म्हंजे खाडा," मामा म्हणाले. "चौघांची म्हंजे सण."

मी म्हटलं, "आणि माझं काय?"

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. प्रश्न कळला होता त्यांना. "चहा ब्येस झालाय," म्हणाले आणि उठले.

बाकीच्या दोघांची माहिती सांगते. एक फौजेतून पेन्शनीवर आलेला, यंत्रांना तेलपाणी करणारा. त्याला सगळे फौजी म्हणायचे. त्याची बायको मुलांसकट गावाकडं. दुसरा समडोळीचा जैन शेतकऱ्याचा मुलगा, त्याचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. म्हणजे चौघांत घरी वाट बघणारी तक्रारखोर बायको फक्त माझ्या नवऱ्याला.

मामांच्या या वाराच्या वेडाच्या पुष्कळ गोष्टी गिरणीत सांगत. लग्न जमवताना लोक त्यांना मुद्दाम बोलवायचे नाहीत. एका बैठकीत पत्रिका जुळली, मानपान ठरला, आणि मामा मध्येच म्हणाले, "छत्तीस गुण ऱ्हाऊ द्या, सुट्टी जमती का तेवढं बघा." मुलगा कारखान्यात, त्याला बुधवार. मुलगी पतसंस्थेत, तिला रविवार. मुलगी मामांच्या सख्ख्या बहिणीची. ते म्हणाले, हे लग्न टपालानं करा. बहीण वर्षभर बोलत नव्हती. हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. भाचीसाठी एवढं कळतं या माणसाला, मग माझ्या घरात काय चाललंय ते दिसत नाही?

गुरुवारी कुणी काम घेऊन त्यांच्या दारात आलं तर ते उंबऱ्यात उभं राहूनच सांगायचे, "उद्या ये, आज मी घरी न्हाई." लोक मुकाट परत जायचे.

गुरुवारी ते चौघं काय करायचे, ते मला लांबूनच माहीत. हरिपूरच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला, कुणाच्या तरी उसाच्या रानात एक पंपघर होतं. तिथं जायचे. पोहायचे. स्वयंपाक करायचे. गुरुवार दत्ताचा, त्यातून समडोळीचा जैन, म्हणून वशाट नाही, मटणामासळीचं नाव नाही. वांगी, आमटी, भाकरी. त्या मुलाचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं, म्हणून सगळेच उजेडी जेवायचे. रात्रपाळी सुटली की गेटवरूनच परस्पर तिकडं, झोपायचे पण तिथंच. संध्याकाळी नवरा घरी यायचा तेव्हा डोळे पाण्यानं लाल, आवाज बसलेला, अंगाला धुराचा वास. आणि चेहऱ्यावर असं काही की मला त्याच्याकडं बघवायचं नाही. हातात डबा असायचा. "मामांनी दिलंय तुला." कृष्णाकाठची वांगी, वर तेलाचा तवंग. मी डबा तसाच ओट्यावर ठेवायचे. तो झोपला की उभ्या उभ्या सगळा खायचे, आणि सकाळी सांगायचे की खराब झालं, टाकून दिलं.

माझा रविवार म्हणजे धुणं. शेजारचं जोडपं दहाच्या सुमाराला गाडीवर बसून निघायचं. तिच्या हातात पिशवी, त्याच्या डोळ्यावर गॉगल. मी गच्चीवर चादर वाळत घालताना ते दिसायचे. भाऊबीजेला भाऊ फलटणहून यायचा, विचारायचा दाजी कुठायत. दाजी बदलीवर. कुणाची तरी भाऊबीज साजरी व्हावी म्हणून.

एकदा मला वाटलं, मामांच्या बायकोलाही हे सोसत नसणार. त्या माणसानं तर बायकोच्या सगळ्या दिवाळ्या वाटून टाकल्या. दोघी मिळून काहीतरी करू. एका गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो त्या वेळात मी त्यांच्या घरी गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत मामी आणि आणखी चौघीजणी. पत्ते पिसलेले, मधे शेंगांची परात, एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं, तिच्या केसांना तेल चाललेलं. मी दारात दिसताच त्यांनी परात माझ्याकडं सरकवली. मी जरा वेळानं मामींना बाजूला घेऊन विचारलं, "तुमाला वाईट न्हाई वाटत? मामा दर गुरुवारी तिकडं जात्यात."

मामी हसल्या. "आगं, गडी घरात नसला की घर मोठं हुतंय. ते जात्यात म्हणून ह्या येत्यात."

मी शेंगा न सोलताच उठले. तिथून दवाखान्यापर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही. आले होते नवऱ्याच्या तीन मित्रांवर जळत, निघाले मामींच्या चार मैत्रिणींवर जळत. माधवनगरात माझं असं कोण होतं, जिच्या मांडीवर मी डोकं ठेवीन? होत्या बायका, पण त्यांना सवड असायची तेव्हा मी दवाखान्यात, आणि मला सवड तेव्हा त्यांचे नवरे घरी.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आपणच गुरुवार घ्यायचा. दवाखान्यात माझ्याबरोबर आणखी एक मुलगी होती. तिच्या परीक्षेच्या वेळी तिच्या संध्याकाळी मी भरून काढल्या आणि तिच्याकडून एक गुरुवार घेतला. नवऱ्याला सांगितलं नाही. त्या सकाळी मी पोहे केले, चांगली साडी नेसले. तो आंघोळ करून आला आणि घड्याळाकडं बघून म्हणाला, "दवाखाना न्हाई आज?"

"रजा घेतलीय."

"बरं न्हाई का?"

"बरी हाय की. तुमच्यासाठी घेतलीय."

त्यानं दाराकडं बघितलं. टॉवेल खांद्यावर, तसाच उभा. बाहेर मामांची मोपेड थांबल्याचा आवाज आला. मी भांडायच्या तयारीनं दारात गेले. मनात दोन वर्षं घोळवलेली वाक्यं होती. मामा आत आले, माझी साडी बघितली, पोह्यांची ताटली बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला. त्यांच्या कानात त्या दिवशी कापूस नव्हता. "तू ऱ्हा घरी आज," ते नवऱ्याला म्हणाले, आणि मोपेड वळवून निघून गेले. माझी सगळी वाक्यं माझ्याजवळच राहिली.

आम्ही सांगलीला गेलो. गणपतीला गेलो, हॉटेलात जेवलो, साड्यांच्या एका दुकानात गेलो. तो दुकानातल्या गादीवर टेकून बसला आणि त्याला डुलकी लागली. घाटावर गेलो तर तो पाण्याकडं बघत उभा राहिला, खालच्या अंगाला, पाणी हरिपूरकडं जात होतं तिकडं. बोलायला काहीच नव्हतं असं नाही. पण आम्हाला एकमेकांशी घाईत बोलायची सवय होती: गॅस संपलाय, भाडं दिलं, आईचा फोन आला होता. सबंध दिवस समोर पसरलेला असताना काय बोलायचं, ते दोघांनाही येत नव्हतं. दुपारी घरी आलो, तो झोपला. उठल्यावर त्यानं विचारलं, "किती वाजले?"

दवाखान्यात मी रोज बघते, दात काढला की माणसाची जीभ सारखी त्या खड्ड्याकडं जाते. कितीही सांगा, जातेच. मी म्हटलं, "चला, मला तिकडं घेऊन चला."

"कुठं?"

"तुमच्या पंपघराला."

ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेला होता. मधल्या गाडीवाटेनं आम्ही पोचलो तेव्हा चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं होतं आणि तिघं नुसते बसले होते. जेवायचे थांबले होते. समोर पाच ताटं मांडलेली. मी मोजली, कारण मला विश्वास बसेना. माझा दिवस कुठं येऊन संपणार, हे त्या म्हाताऱ्यानं सकाळी माझ्या दारातच ओळखलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि भूकही लागली होती, ते निराळंच.

जेवण झालं. मी पंपघराच्या पायरीवर बसले. ते चौघं चुलीभोवती. फार काही बोलत नव्हते. फौजी यंत्राच्या पट्ट्याबद्दल काही सांगत होता, समडोळीचा भांडी घासत होता. आणि मग माझा नवरा गायला लागला. कुणी आग्रह केला नाही, कुणी गप्प बसलं नाही. फौजीचं बोलणं चालूच, भांड्यांचा आवाज चालूच, आणि हा आपला त्यांच्या गावच्या भजनातली एक गवळण म्हणतोय. सुरेख आवाज. वरच्या पट्टीत जाताना मान तिरकी करायचा. लग्नाला तिसरं वर्ष, आणि माझ्या नवऱ्याला गाता येतं हे मला तीन परक्या पुरुषांच्या साक्षीनं कळलं.

तसं जळणं मी आधी कधी अनुभवलं नव्हतं आणि नंतरही नाही. वाटलं, उठावं आणि त्या चुलीवर पाणी ओतावं. मामा गाणाऱ्याकडं पाठ करून बसले होते, डोळे मिटून, मोकळ्या कानांनी.

येताना गाडीवर मी विचारलं, "घरात कधी म्हटलं न्हाई ते?"

उसातली वाट संपून गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग तो म्हणाला, "घरात म्हटलं तर तू ऐकत बसशील. तितं कोण ऐकत न्हाई, म्हणून येतंय."



पुढच्याच आठवड्यात, पाळी सुटायच्या वेळेला, मी गिरणीच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभी राहिले. मामा बाहेर आले. मी सरळ म्हटलं, "मामा, मला माझ्या नवऱ्याचा गुरुवार पायजे. महिन्यातनं एक."

त्यांनी दोन चहा सांगितले. "पायजे म्हणून कुणाला मिळत न्हाई. सुट्टी बदलून मिळती. तू काय देतीस?"

"माझ्याकडं काय हाय? एक आयतवार."

"तुझा आयतवार कोण घील? त्यात कोणच न्हाई."

वाईट हेतूनं नाही म्हणाले. धागा तुटलाय, असं यंत्रावरच्या पोराला सांगावं तसं म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी चहाकडं बघत राहिले. मामांनीही बघितलं असणार, पण ते दुसराच विचार करत होते. गेटमधून बाहेर पडणाऱ्या माणसांकडं त्यांनी बोट केलं. रात्रपाळीत जागं राहायला ही माणसं तंबाखू धरतात, सगळ्यांचे दात गेलेत. सकाळी पाळी सुटते तेव्हा कुठलाच दातांचा दवाखाना उघडा नसतो. उघडतो तेव्हा हे झोपलेले. मग दाढ सुजली की खाडा. "तुझा डॉक्टर सकाळी कवा उठतो?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर सकाळी लवकर उठून फिरायला जायचे, आणि परत येऊन पेपर वाचत बसायचे. पेपरच्या त्या वेळेवर मी नजर ठेवली. तीन आठवडे मी त्यांच्या मागं होते. शेवटी मंगळवारी सकाळी पाळी सुटण्याच्या वेळेला दवाखाना उघडायचं त्यांनी कबूल केलं, मी लवकर येऊन सगळं मांडून ठेवायच्या अटीवर. त्या लवकर येण्याच्या बदल्यात मी महिन्यातला एक गुरुवार मागून घेतला. मंगळवारी गिरणीची माणसं कापूस झटकत येऊ लागली, आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी माझा नवरा माझा झाला.

एकदम सगळं गोड झालं, असं नाही. काही गुरुवारी आम्ही फलटणला आईकडं जाऊन यायचो. काही गुरुवारी तो दिवसभर झोपायचा आणि मी शेजारी बसून शेंगा निवडायचे. हळूहळू थोडं बोलायला शिकलो. पण बाकीचे तीन गुरुवार त्या चौघांचेच होते आणि त्या दिवशी संध्याकाळी तोच चेहरा, तोच बसलेला आवाज. माझा हेवा महिन्यातून एक दिवस सुट्टी घ्यायचा, एवढंच.

मग मामा निवृत्त झाले. त्याच सुमाराला गिरणी दुसऱ्यांनी चालवायला घेतली. जॉबरची वाटणी गेली, ठेकेदार आला. कुणाला कुठल्या दिवशी सुट्टी, ते कंप्यूटर ठरवायला लागला. शनिवारी फोनवर निरोप यायचा. या आठवड्यात मंगळवार, पुढच्या आठवड्यात शुक्रवार. मामा निरोपाचा नारळ घ्यायला गिरणीत गेले तेव्हा त्यांनी त्या कंप्यूटरसमोर उभं राहून तो बघितला म्हणे. "ह्याला सुट्टी न्हाई, सण न्हाई," ते म्हणाले, "ह्याला बदल्यात द्यायचं काय?" आणि मामींना घेऊन ते आष्ट्याकडच्या आपल्या गावी राहायला गेले.

चौघं फुटले. फौजी एका बँकेच्या दारात वॉचमन झाला. समडोळीच्यानं लग्न केलं आणि घरचं रान बघायला लागला. माझा नवरा गिरणीत राहिला.

आता त्याच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या होत्या. कधी अवचित रविवारच यायचा. मला हवं होतं ते सगळं पदरात पडलं. तो गादीवर पडून फोनवर बोट फिरवत राहायचा. मी म्हणायचे, नदीवर तरी जाऊन या. तो म्हणायचा, एकट्यानं पाण्यात काय उतरायचं. त्या दिवसांत त्याच्याकडं बघताना मला त्या म्हाताऱ्याचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटायला लागला. पूर्वी वाटायचं, त्यानं माझं काही घेतलंय. आता दिसत होतं की त्याला जे जमत होतं, ते मला जमत नाही. माझ्याजवळ अख्खा माणूस होता आणि त्याचा एक दिवस मला फुलवता येत नव्हता. मला ते सोसवेना. एका जॉबरला जमतं, तर मला का नाही?

कंप्यूटरला सुट्टी नसते, पण कंप्यूटरमध्ये नावं भरणाऱ्या माणसाला आई असते. ठेकेदाराचा सुपरवायझर कुपवाडचा एक तरुण मुलगा होता. त्याची आई आमच्याकडं कवळीसाठी यायची. घरात लग्न होतं, त्याआधी तिला दात हवे होते, आणि तिला आणायला मुलाला सवड फक्त दुपारी, दवाखाना बंद असायचा तेव्हा. माझ्या दुपारी मी तिला दिल्या. डॉक्टरांना जेवणानंतर थांबवून धरलं, माप घ्यायला, बसवायला, घासून सारखी करायला. कवळी बसली त्या दिवशी मी त्या मुलाला म्हटलं, मला एक शुक्रवार पायजे, मी सांगीन तो. तो हसला आणि हो म्हणाला. फौजीच्या बँकेतल्या दुसऱ्या वॉचमनला गावच्या जत्रेला जाता यावं म्हणून फौजीला त्याच्या जागी उभं केलं, त्या बदल्यात फौजी शुक्रवारी सुटला. समडोळीच्याच्या बायकोला सांगितलं की तूही चल. माझ्याबरोबरच्या मुलीनं दवाखाना सांभाळला. सगळं जुळायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मला एकदाही कुणाचा हेवा वाटल्याचं आठवत नाही. वेळच नव्हता.

शुक्रवारी सकाळी आम्ही वांगी घेऊन आष्ट्याकडं निघालो. मामा दारापुढं बाजेवर बसले होते. तिघांना एकदम बघून ते उठले ते उघड्या पायांनीच रस्त्यावर आले. फौजीला त्यांनी मिठी मारली. माझ्या नवऱ्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. मागं मळ्यातल्या विहिरीवर चूल मांडली. जेवायला बसलो तेव्हा मामांनी विचारलं, "जमवलं कुणी हे?"

"वैनींनी," फौजी म्हणाला.

मामांचा घास हातात राहिला. ते माझ्याकडं वळले. "कुणाला काय दिलंस?"

मी सगळं सांगितलं. दुपारच्या वेळा सांगितल्या, जत्रा सांगितली, कवळी सांगितली. ते कान देऊन ऐकत होते.

"कंप्यूटरचं एका कवळीवर भागलं?"

"व्हय."

"मी इतकी वर्सं दिवाळी देत आलो," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांना वांग्यात मीठ कमी वाटलं. मग शुक्रवार हा काही बरोबर वार नव्हे, असं ते समडोळीच्याला सांगायला लागले; बेस्तरवारच धरायला हवा होता, घाई केली. मग विहिरीचं पाणी पोहण्याजोगं नाही म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

मामी वाढताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काय झालंय गं ह्यांना? पोटात दुखतंय का काय?"

"दुखतंय," मी म्हटलं. "हुईल बरं."

ते दुखणं मला दुसऱ्या कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती. मी पातेलं पुढं ओढलं, मामांच्या ताटात एक वांगं वाढलं, आणि दोन माझ्या ताटात घेतली. एवढी भूक मला माहेर सोडल्यापासून लागली नव्हती.